माझ्या वर्गातली पेशंट

प्रथमोपचार शिकवणारी बाई म्हणून मी पुढे सतरा-अठरा वर्षं मिरवले. शाळांतून शिकवलं, बायकांच्या मंडळांतून शिकवलं. बाई, तुम्ही याकडे कशा वळलात, असं कोणी विचारलं की मी चीनची लढाई सांगते, लढाईनंतर मद्रासमध्ये गल्लोगल्ली निघालेले वर्ग सांगते आणि तिथेच गाडी थांबवते. पुढचं आजवर कोणाला सांगितलं नाही. घरात ह्यांनासुद्धा नाही. जनाची नाही तरी मनाची असतेच की नाही, ती मला त्या वेळी आड आली नाही, आणि नंतर मात्र रोज येत राहिली.

आम्ही तेव्हा मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागात राहत होतो. ह्यांची नोकरी केंद्र सरकारच्या ऑफिसात, आणि बदली होऊन आम्ही इकडे आलेलो. लग्नाआधी मी वाईला शाळेत दोन वर्षं शिकवत होते. चाळीस पोरं एका दमात गप्प करणारी मी, मद्रासला आल्यावर ठार मुकी झाले. भाजीवालीला बोटानं वांगी दाखवायची, घरमालकिणीला हसून दाखवायचं. संध्याकाळी हे घरी आले की त्यांच्यावर डाफरायचं, कारण डाफरायला दुसरं माणूसच नव्हतं. अशी तीन वर्षं काढल्यावर कोणी मला फळा आणि खडू दिला असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

तेवढ्यात लढाई झाली. हल्ला झाला तर जखमी माणसाला काय करायचं, हे घराघरांत कळलं पाहिजे म्हणून वर्ग निघाले. मी मैलापूरला इंग्रजीतून तो वर्ग केला, परीक्षा दिली आणि चांगल्या मार्कांनी पास झाले. मग कळलं की शिकवणारी व्हायचं असेल तर पुढे आणखी एक पायरी आहे. आपला स्वतःचा वर्ग जमवायचा, त्याला सहा धडे द्यायचे, प्रत्येक धड्याला वरिष्ठ बाई मागे बसून बघणार. शेवटी बाहेरचे डॉक्टर येऊन वर्गाची परीक्षा घेणार. बाईंनी कागदावर सही केली की आपण शिक्षिका. पुन्हा शिक्षिका! माझा जीव त्या कागदात अडकला.

वर्ग जमवायला आमचं मराठी मंडळ होतंच. तिथे दोन तऱ्हेच्या बायका येत. एक आमच्यासारख्या, नवऱ्याच्या बदलीबरोबर पुण्या-साताऱ्याकडून आलेल्या. दुसऱ्या तंजावरकडच्या, ज्यांचे पूर्वज कोणत्या तरी काळी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी आमच्या पणज्यांच्या वेळची, वर तमिळचा हेल. आम्ही शिष्ट बाया त्यांच्या बोलण्याला पाठीमागे हसायचो. त्या आमच्या तमिळला तोंडावर हसायच्या. दोन्ही तऱ्हेच्या मिळून चौदा जणींनी नावं दिली.

चौदावं नाव द्यायला ती माझ्या घरी आली. तंजावरकडचीच. वय असेल चोवीस-पंचवीस. कपाळ मोकळं, पांढऱ्यावर बारीक काठाचं लुगडं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ती आमच्याच मागच्या गल्लीत दिराकडे राहत होती. ती आत येऊन बसेना, दारातच उभी राहिली. मला 'अक्का' म्हणाली. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. मग एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं. बाजारापलीकडे एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांची जुनी मदतनीस पोंगलनंतर सोडून जाणार होती. प्रथमोपचाराचा कागद घेऊन आलीस तर तुला ठेवते, असं डॉक्टरीणबाईंनी हिला सांगितलं होतं. नोकरी नाही लागली तर दीर-जाऊ हिला कुंभकोणमकडे नवऱ्याच्या आत्याकडे पाठवणार होते. आत्या अंथरुणाला खिळलेल्या, घरात माणसं नऊ, आणि रांधायला कोणी नाही. एकदा तिकडे गेलं की परत यायचं नाही, हे ती म्हणाली नाही, पण मला काय कळत नव्हतं?

मी तिला खांद्याला धरून आत बसवलं. म्हटलं, "कागद मिळाल्याशिवाय मी तुम्हाला सोडतच नाही. माझा शब्द आहे."

मला शब्द द्यायला फार आवडायचं.

पहिला धडा हात मोडल्याचा होता. मंडळाच्या हॉलमध्ये चटया घातल्या होत्या, वर एकच पंखा, तो कुरकुरणारा. मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून वरिष्ठ बाई बसल्या होत्या. त्या निवृत्त परिचारिका, इथल्याच ख्रिस्ती. पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. मराठी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं, सुटले, काहीही बोललं तरी चालेल. मग कळलं की ज्याला शब्द कळत नाहीत तो हात नीट बघतो.

हाताचं हाड कुठे मोडतं, फळी कशी लावायची, त्रिकोणी पट्टीची झोळी कशी करायची, हे मी झोकात सांगितलं. तीन वर्षांची तुंबलेली वाचा मोकळी झाली होती. मग म्हटलं, चला, एकीनं पेशंट व्हा, मनगटापासून बांधायचंय, तेवढ्या बांगड्या उतरवा.

झालं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. काचेच्या बांगड्या उतरवून सवाष्णीनं हात मोकळे करून बसायचं? तेही शुक्रवारी? एक म्हणाली, माझ्या उतरतच नाहीत हो, साबण लावावा लागतो. दुसरी म्हणाली, सासूबाईंना कळलं तर घरात घेणार नाहीत. तिसरीला दिवस गेलेले, तिच्यासाठी बाकीच्याच बोलल्या. साताऱ्याची आणि तंजावरची, या एका बाबतीत मात्र सगळ्यांची एकदम एकी झाली. मी मागे बघितलं. सिस्टर वहीत काहीतरी लिहीत होत्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्याच धड्याला पेशंट मिळत नाही म्हणजे वर्ग हातात नाही, असा शेरा पडणार.

खरं तर उत्तर माझ्या अंगावरच होतं. मी स्वतःच्या बांगड्या काढून हात पुढे केला असता तर? शिकवणाऱ्या बाईनं पेशंट होऊ नये असं कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं? पण खरं सांगायचं तर मीही घाबरले. सासूच्या सोवळ्याओवळ्याला हसणारी, मैलापूरला इंग्रजीतून परीक्षा देणारी मी, माझाही हात बांगड्यांकडे जाईना. त्या दिवसांत ह्यांना बारीक ताप येत होता. उगाच कशाला विषाची परीक्षा, असं मनात आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

ती खांबाला टेकून शेवटी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तुम्ही या ना पुढे. तुमचे हात तसेही मोकळेच आहेत."

हे वाक्य मी म्हटलं. दुसऱ्या कोणी नाही. मुद्दाम लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, घाईत म्हटलं, आणि म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते. मुद्दाम बोललेलं निदान मागे घेता येतं. कोणाला काही वावगं वाटलं नाही, उलट सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ती उठली, पुढे आली, चटईवर बसली आणि हात पुढे केला. पातळ, सरळ, नुसता हात. पट्टी बांधायला असा सोयीचा हात मी पुन्हा पाहिला नाही. एकेकीनं येऊन बांधलं, सोडलं, बांधलं. धडा छान झाला. सिस्टरनी जाताना मान हलवून पसंती दाखवली आणि मी घरी जाऊन शेवयांची खीर केली.

दुसऱ्या धड्याला मला विचारावंच लागलं नाही. बुडालेल्या माणसाला पालथं घालून श्वास कसा द्यायचा, ते करून दाखवायचं होतं. पेशंट कोण, असं मी म्हणेपर्यंत एक जाडी सातारकरीण म्हणाली, "ह्या आहेतच की." आणि खांबाशी बसलेली ती मुकाट उठून पालथी झाली. पालथं, निपचित, डोळे मिटून पडायचं, म्हणजे कोणी सवाष्ण तयार होणार नव्हतीच. मला तर हायसंच वाटलं. पंधरा मिनिटं तिच्या पाठीवर दाब देणं चाललं होतं. मध्ये एकदा तिला ठसका लागला, तर बायका हसल्या, बुडालेलं माणूस ठसकतंय म्हणून. मीही हसले.

तिसरा धडा स्ट्रेचरचा. दोन बांबू आणि मध्ये खाकी कापड. ते आणून ठेवल्याबरोबर दोघीजणी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेरच गेल्या. त्यांना दोष तरी काय देऊ? बांबूवर निजवलेलं, चादरीत गुंडाळलेलं माणूस चौघी खांद्याला खांदा लावून नेणार, आणि हॉल असा लांबट की नेताना पाय बरोबर दक्षिणेला. कोणाच्या मनात काय आलं ते सांगायला नको. ती आपण होऊन त्या बांबूंपाशी येऊन उभी राहिली. निजली. चौघींनी उचललं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला तीनदा नेलं, तीनदा आणलं. मी पुढे चालत होते आणि 'पावलं एकदम नको, आळीपाळीनं टाका, म्हणजे पेशंटला हिसके बसत नाहीत' असं ओरडून सांगत होते. पेशंटला हिसके बसू नयेत म्हणून माझा कोण आटापिटा! नंतर सगळ्यांनी कॉफी घेतली. सिस्टरनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मी हवेत होते, कोण काय बोललं त्याकडे माझं लक्ष नव्हतं.

चौथ्या धड्यानंतर सिस्टरनी मला थांबवून घेतलं. इंग्रजीत म्हणाल्या, रोज तीच मुलगी पेशंट का असते? मी तयारच होते. म्हटलं, तिला आवडतं, ती स्वतःहून पुढे येते. मग वळून त्यांनी तिलाच तमिळमध्ये विचारलं. ती चटया गुंडाळत होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आमां." हो. एवढी तमिळ मलाही कळत होती.

तिनं माझी बाजू सांभाळली होती, आणि मला काय वाटलं? बरं झालं, असं वाटलं. वर्गाची नोंदवही उघडून मी खुणा करत बसले. त्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे रकाने होते, आणि रकान्यांवर छापलेलं होतं की विद्यार्थिनीनं स्वतःच्या हातांनी करून पाहिलं. फळी बांधणे, पट्टी गुंडाळणे, झोळी करणे. तेरा नावांपुढे मी खुणा केल्या आणि चौदाव्या नावापुढेही केल्या. ती हजर होती ना? पट्टी बांधली गेली तेव्हा ती पट्टीतच होती. याहून जवळून कोण बघणार, असं मी मनाशी म्हटलं, आणि त्या विनोदावर मनातल्या मनात खूषही झाले.

माझी स्वतःची समजूत घालायला मला आणखी एक निमित्त सापडलं. पाचव्या धड्याला ती डोळे मिटून पडली होती आणि एकजण तिच्या खांद्याशी गाठ मारत होती. डोळे न उघडताच ती म्हणाली, "अक्का, गाठ उलटं पडलं." बघितलं तर खरंच उलटी गाठ. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर, असं हवं होतं, ते दोन्ही वेळा उजवंच वर गेलं होतं. नुसत्या दाबावरून तिनं ओळखलं. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, बघा, एवढं ह्यांना पडल्या पडल्या येतं. मग मी तिला तोंडी प्रश्न विचारले. एकूणएक बरोबर. तिच्या भाषेत ती म्हणाली, "अस्की पाठ आहे." अस्की म्हणजे सगळं. माझा जीव निवांत झाला. तिची काळजी करायचं कारण उरलं नाही. सहाव्या धड्याला तर मी तिचा विचारही केला नाही.

परीक्षेला बाहेरचे डॉक्टर आले. वयस्कर, गोरटेले, गडबडीत असलेले. त्यांनी सरळ काम सांगितलं. प्रत्येकीनं हाताच्या जखमेवर गुंडाळपट्टी बांधायची, झोळी करायची, आणि बांधता बांधता आपण काय करतोय ते तमिळमध्ये किंवा इंग्रजीत, जमेल तसं बोलायचं. पेशंट आपसातला घ्या. पहिलीचं नाव पुकारलं आणि आमची नेहमीची पेशंट सवयीनं उठून पुढे येऊन बसली, हात पुढे करून. तेरा जणी एकामागून एक आल्या. तेराही जणींनी तिच्याच हातावर बांधलं. जेमतेम जमलं ते जमलं, पण तेराही पास. जाड्या सातारकरणीची झोळी तर इतकी नेटकी झाली की डॉक्टर 'शाबास' म्हणाले. पेशंटच्या हातावर पट्टीचे वळ उठले होते.

शेवटी तिचं नाव आलं. ती उठली. टेबलावरची गुंडाळपट्टी तिनं उचलली आणि वळली. पेशंटची जागा रिकामी.

डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कोण? कोणी उठेना. तेरा जणींनी तेरा दिशांना बघितलं. त्यातल्या एकीनं तरी उठायला हवं होतं असं मी पुढे कितीदा म्हटलं असेल, पण तो नुसता कांगावा. कारण तिनं त्या तेरा जणींकडे बघितलंच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. माझे दोन्ही हात पदराखाली गेले. मी नेले नाहीत, गेले, असं म्हणावंसं वाटतं. पण हात काय आपले आपण जातात?

सिस्टर मागून उठून आल्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, त्या खुर्चीत बसल्या आणि हात पुढे केला.

ती बोलायला लागली. तमिळमध्ये, अगदी सावकाश. पेशंटला बसवायचं. हात उचलून धरायचा. जखमेवर स्वच्छ घडी ठेवायची. पट्टी मनगटाकडून सुरू करून वर न्यायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर दोन तृतीयांश. मला तमिळ फारशी येत नव्हती, पण ते सगळं मला कळलं, कारण ते माझंच होतं. माझेच शब्द, मी जिथे थांबायची तिथेच थांबणं, तसंच. आणि हात? हातांनी पट्टी उलटी धरली होती. गुंडाळी खालच्या बाजूला, टोक वर. पहिला वेढा बसला तो सैल, दुसरा त्याच्यावरून घसरला. तिनं सोडून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिनं बघितलं होतं ते समोरून, उलट्या बाजूनं; हातात कधी धरलंच नव्हतं. सहा धडे ती डोळे मिटून पडली होती किंवा हात पुढे करून समोर बसली होती. तिसऱ्या वेळी गुंडाळी हातातून निसटली आणि जमिनीवर उलगडत डॉक्टरांच्या बुटांपर्यंत गेली. ती वाकून गोळा करायला लागली. गोळा करता करताही तोंडानं पुढची पायरी बरोबर सांगत होती.

डॉक्टरांनी तिला मध्येच थांबवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, वाचून पाठ केलंय, सराव नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या. आणि त्यांनी तिच्या नावापुढे रेघ ओढली.

सहा महिने! पोंगल तोंडावर आलं होतं.

सगळ्या गेल्यावर सिस्टरनी माझी वही मागितली. चौदा नावांपुढच्या खुणा त्यांनी बोट फिरवत बघितल्या. चौदाव्या ओळीवर बोट जरा वेळ राहिलं. मला वाटलं, आता माझा कागद फाडणार. खरं सांगते, फाडला असता कागद तर मी आज त्यांचं नाव घेऊन दिवा लावला असता. पण त्या फक्त इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, "तुम्ही चांगलं शिकवता. तिला तुमचा शब्द न् शब्द येतो." आणि सही केली. घड्याळ हातात घालून त्या निघून गेल्या.

मी शिक्षिका झाले. ह्यांनी पेढे आणले, इकडचे, खव्यात साखर जास्त असलेले. मी एक खाल्ला.

तिच्याकडे लगेच जायला हवं होतं. मी आठ दिवस गेले नाही. रोज सकाळी ठरवायची आणि रोज काहीतरी काढायची. आज वाळवणं आहेत, आज ह्यांचे साहेब जेवायला आहेत. बाजारातून भाजी घेऊन यायचे दोन रस्ते होते, त्यांतला तिच्या गल्लीतला मी सोडला. आठ दिवसांनी मला कुठून तरी अवसान आलं आणि मी आधी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. चूक माझी आहे, तिची नाही, तिच्यासाठी सहा महिने थांबा, असं सांगायला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यांनी त्याआधी तीनच दिवस दुसरी मुलगी ठेवली होती. तीच मला आत बसा म्हणाली.

मग मी तिच्या घरी गेले. दाराशी एक पत्र्याची ट्रंक आणि दोरीनं बांधलेली वळकटी होती. जाऊ आत होती, ती बाहेर आली नाही. हीच पुढे आली. माझ्यासाठी चटई टाकली, पाण्याचा लोटा आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघणार होती. मी इतकी तयारी करून गेले होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी तिच्यावरच चिडल्यासारखं बोलले. कसलीही लाज वाटली की मला आधी राग येतो, हा माझा जुना रोग आहे. म्हटलं, "अहो, मला सांगायचं तरी! एकदा जरी म्हणाला असतात, तर मी तुमच्या हातात पट्टी दिली नसती का?"

तिला राग आलेला नव्हता. मी विसरले आहे, एवढंच तिला कळलं, आणि ते कळल्यावर तिलाच अवघडल्यासारखं झालं. मग हळू आवाजात, मला धक्का लागू नये अशा बेतानं ती म्हणाली, "म्हटलं होतं अक्का. तिसऱ्या दिवशी, स्ट्रेचरवरनं उतरल्यावर. मज एकदा बांधायला द्या म्हटलं. तुम्ही म्हटलं, पुढच्या खेपेला."

मी लोटा उचलला, पाणी प्यायले आणि घरी आले. ती गेली. पुढे तिचं काय झालं ते मला कळलं नाही, आणि विचारायला मी कोणाकडे गेले नाही.

तो तिसरा दिवस मला अख्खा आठवतो. बांबूंचा रंग आठवतो, सिस्टरची थाप आठवते, कॉफी कोणी आणली आणि किती गोड होती तेही आठवतं. तिचं वाक्य मात्र कुठेच सापडत नाही. किती वर्षं शोधते आहे. ती खोटं बोलणारी नव्हती. आणि मी ऐकलंच नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही, कारण मी उत्तर दिलं होतं.